विभागातला वाद मिटवायचा कसा? कोकणातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी

जुलैत वेळापत्रक लागलं की विभागात पहिली ठिणगी पडते. लांज्याहून एसटीने येणाऱ्याला सकाळी साडेसातचं लेक्चर आणि रत्नागिरीलगत कुवारबावला राहणाऱ्याला अकराचं. मग नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, फाइल कोणाच्या गळ्यात पडली, परीक्षेतल्या सुपरव्हिजनच्या ड्युट्या कोणाला जास्त लागल्या, प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाकडे राहिल्या, शोधनिबंधावर कोणाचं नाव आधी आलं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर फार मोठी नाही. पण वर्षभरात त्यातून अबोला धरला जातो. अबोल्यातून मेमो निघतो, मेमोतून कुलसचिवांकडे अर्ज जातो आणि दोन चांगली कामाची माणसं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात.

कोकणात हे जास्त जाचतं. रत्नागिरी, दापोली, लोणेरे, वेंगुर्ले ही सगळी छोटी गावं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोच माणूस संध्याकाळी मच्छी मार्केटात शेजारी उभा असतो आणि सकाळी मुलांच्या शाळेच्या गेटवरही भेटतो. मुंबई-पुण्यात कंटाळून कॉलेज बदलता येतं. इथे आपल्या विषयाचं दुसरं पद जवळपास बहुधा नसतंच. वाद सोडून जाता येत नाही, म्हणून तो नीट मिटवता आला पाहिजे.

माझं मत आधीच सांगते. वाद मिटवणं आणि माणसाची मानसिक ताकद वाढवणं ही दोन कामं एकत्रच करावी लागतात. खचलेला माणूस बैठकीत बसवला तर तो एक तर सगळं मान्य करतो किंवा काहीच मान्य करत नाही, आणि दोन्ही प्रकारचे समझोते महिनाभरात मोडतात. उलट, कामाची वाटणी अन्यायाची ठेवून कर्मचाऱ्याला ‘जरा सकारात्मक राहा’ म्हणणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. पुढच्या पायऱ्या या दोन्ही गोष्टी धरून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: हा वाद बसून मिटवायचा आहे का, ते ठरवा

काही प्रकरणं चहाच्या कपावर मिटवायची नसतात. लैंगिक छळाची तक्रार, जातीवरून केलेला अपमान, पैशांची अफरातफर, मारहाण किंवा धमकी यांत कोणी ‘आपसात मिटवून टाका’ म्हणत असेल तर तिथेच थांबा.

लैंगिक छळाबाबत २०१३चा कायदा स्पष्ट आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असाव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तडजोडीचा मार्ग आहे, पण तो तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तडजोड करता येत नाही. विभागप्रमुखाने ‘विभागाचं नाव जाईल’ म्हणून तिला चौकशीआधीच समजावायला बसणं चुकीचं आहे, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीच्या जातिवाचक अपमानाला १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, तोही विभागाच्या बैठकीचा विषय नाही.

दुसरी पायरी: भांडण माणसाचं आहे की वाटणीचं?

स्वतःला एक प्रश्न विचारा: या दोघांपैकी एकाची उद्या बदली झाली, तर नव्या माणसाशीही हाच वाद होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर पाणी वाटणीत मुरतंय. कामावरचे मतभेद आणि माणसांमधली तेढ वेगळी करून पाहावी, हा मुद्दा कॅरेन जेन या संशोधिकेने १९९०च्या दशकात ठळकपणे मांडला. कामावरचा मतभेद वेळीच हाताळला तर त्यातून काही चांगलं निघू शकतं, तेढीतून मात्र जवळजवळ नेहमी नुकसानच होतं. आपल्याकडे पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर व्हायला एक सत्र पुरतं.

म्हणून आधी आकडे काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४ तास. वेळापत्रक समोर ठेवून प्रत्येकाचे तास मोजा. सुपरव्हिजनची यादी, रजेचं रजिस्टर, समित्यांची नेमणूकपत्रंही टेबलावर आणा. ‘मलाच जास्त काम’ ही तक्रार अनेकदा खरी निघते, आणि ती खरी निघाली की समजूत घालण्याची गरजच उरत नाही. वेळापत्रक बदललं की झालं. लिपिक आणि प्रयोगशाळा परिचरांच्या बाबतीत हे अधिक काळजीने करा, कारण रिक्त पदांचा भार त्यांच्यावर गुपचूप चढत जातो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

तिसरी पायरी: बैठकीआधी माणसाला सावरू द्या

संस्थेतल्या माणसांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे अमेरिकेतले फ्रेड लुथान्स यांनी ‘मानसशास्त्रीय भांडवल’ ही कल्पना मांडली. त्यात चार ताकदी धरल्या आहेत: आशा, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, चिवटपणा आणि आशावाद. या चारही वाढवता येतात, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. उंचीसारख्या त्या जन्मापासून ठरलेल्या नसतात.

*आशा.* ‘सगळं ठीक होईल’ असं वाटत राहणं म्हणजे आशा, हा समज सोडा. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशेला दोन भाग आहेत: पोहोचायची इच्छा आणि पोहोचायच्या वाटा. वादात अडकलेल्या माणसाकडे इच्छा असते, वाट एकच उरलेली असते. ‘त्याने माफी मागितली तरच.’ अशा वेळी कागद द्या आणि सांगा, तुम्हाला जे हवं आहे ते मिळण्याच्या तीन वाटा लिहा. पहिली लगेच लिहिली जाते, दुसरीला वेळ लागतो. तिसरी लिहिताना माणूस विचार करू लागतो. वाट अव्यवहारी असली तरी खोडू नका, तीन होऊ द्या.

*क्षमतेवरचा विश्वास.* मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवलं की हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः काहीतरी पार पाडल्याच्या अनुभवाने. कौतुकाची चार वाक्यं त्यापुढे कमी पडतात. मेमो मिळालेला लिपिक ‘मला काही जमत नाही’ अशा मनःस्थितीत असेल, तर त्याला एक पूर्ण करता येईल असं काम द्या आणि ते पूर्ण झाल्याची नोंद त्याच्या नावाने करा. मागच्या वर्षी परीक्षेचे निकाल वेळेत लागले तेव्हा रात्री थांबून गुणपत्रकं जुळवणारा तोच होता, हे बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवं होतं. ते राहिलं असेल तर आता लिहा.

*चिवटपणा.* ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. माणसं पुन्हा उभी राहिली, पण एकेकटी नाही. शेजारी आले, नातेवाईक आले, बाहेरून मदत आली. चिवटपणा हा असाच चार हातांचा असतो. म्हणून कर्मचाऱ्याला विचारा: हे सगळं तुम्ही कोणाजवळ बोललात? उत्तर ‘कोणाजवळच नाही’ असेल तर आधी तेवढी एक व्यवस्था करा. विभागाबाहेरची एखादी जुनी सहकारी, ग्रंथालयातली ताई, कोणीही चालेल, फक्त ऐकलेलं बाहेर न नेणारं माणूस हवं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगावंसं वाटत नाही असं बोलणं येत असेल, तर वाद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, मोफत बोलता येतं.

*आशावाद.* इथे मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांचं काम उपयोगी पडतं. वाईट घटनेचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो, यावर त्याचं पुढचं वागणं अवलंबून असतं. तक्रारीच्या मसुद्यात ‘नेहमी’, ‘सगळेच’ आणि ‘मुद्दाम’ हे तीन शब्द शोधा. ‘सर नेहमी मुद्दाम सगळ्यांसमोर अपमान करतात’ याऐवजी ‘१२ ऑगस्टच्या विभागीय बैठकीत अहवाल उशिरा आल्यावरून सर म्हणाले की…’ असं लिहून घ्या. अर्ज कायद्याच्या दृष्टीने पक्का होतो आणि लिहिणाऱ्यालाही कळतं की आपलं अख्खं आयुष्य बिघडलेलं नाही, एक बैठक बिघडली आहे. तीन शब्द खोडल्यावर मागे दहा तारखा उरल्या, तर मात्र ते एका बैठकीचं प्रकरण नाही, आणि त्याला तसंच गंभीरपणे घ्या.

या पायरीला दोन-चार दिवस लागतात. तेवढ्या काळात एक पथ्य सर्वांनी पाळायचं: विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाचं एक अक्षरही नाही. ‘काही लोकांना’ अशा मोघम सुरुवातीचे सुविचारही नाहीत.

चौथी पायरी: मध्ये कोणी बसायचं आणि वेगवेगळं काय ऐकायचं

विभागप्रमुख वादात गुंतलेले असतील तर त्यांनी मध्यस्थ होऊ नये. मध्यस्थ दुसऱ्या विभागातला, सेवेने ज्येष्ठ आणि दोघांनाही मान्य असा असावा. कोकणात आणखी एक गोष्ट बघावी लागते: तो एखाद्याचा गाववाला, भावकीतला किंवा त्याच संघटनेचा पदाधिकारी आहे का? असेल तर माणूस कितीही सरळ असला तरी दुसरी बाजू मोकळेपणाने बोलणार नाही.

दोघांशी आधी स्वतंत्र बोला. जागा निवडताना विभागप्रमुखांची केबिन टाळा, काचेतून सगळं दिसतं. पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐका. नंतर तीनच प्रश्न विचारा: नेमकं काय घडलं, त्याचा तुमच्या कामावर काय परिणाम झाला, आणि पुढच्या महिन्यात काय वेगळं दिसलं तर तुम्हाला बरं वाटेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या.

इथे तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) प्राध्यापकांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सीएचबीवरच्या माणसाची नेमणूक पुढच्या वर्षी होणार की नाही हे ज्याच्या शब्दावर अवलंबून आहे, त्याच्याशीच त्याचा वाद असेल, तर तो बैठकीत खरं बोलणार नाही. ‘माझी काही तक्रार नाही सर’ असं म्हणेल आणि घरी जाऊन डोक्यावरचं कर्ज मोजेल. कंत्राटी लिपिक, रोजंदारीवरचे मजूर, पीएचडीचे विद्यार्थी यांची तीच गत. अशा प्रकरणात दोन समान बाजू आहेत असं धरून मध्यस्थी केली तर ती बलवानाच्या बाजूनेच जाते. काय करता येईल? एक, नेमणुकीचा निर्णय त्या एका व्यक्तीच्या हातून काढून प्राचार्यांनी किंवा समितीने स्वतःकडे घेणं, निदान त्या वर्षापुरतं. दोन, दुर्बल बाजूला सोबत एक माणूस आणायची मुभा देणं. तीन, मौनाला संमती न समजणं. या तिन्हींची हमी देता येत नसेल तर बैठक घेऊ नका, थेट लेखी तक्रारीचा मार्ग दाखवा.

पाचवी पायरी: समोरासमोर

हा भाग एका उदाहरणाने सांगते.

समजा, किनाऱ्यालगतच्या एका मत्स्य प्रयोगशाळेत टाक्या आहेत. सुट्टी असो वा नसो, माशांना खाद्य द्यावं लागतं, पाण्यात हवा सोडणारा एरेटर पाहावा लागतो, रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजून वहीत लिहावी लागते. गणपतीत एका रात्री पावसात वीज गेली, जनरेटर कोणी सुरू केला नाही, सकाळी एका टाकीतले मासे वर तरंगत होते. ड्युटी यवतमाळकडच्या सरांची होती. प्रयोगशाळा सहायक स्थानिक, रजेवर. सरांना मेमो मिळाला आणि सरांनी लिहून दिलं की सहायकाची गणपतीची रजा दरवर्षी मंजूर होते, ड्युटी कायम माझ्याच माथी. तिथून बोलणं बंद.

बैठकीत मध्यस्थ मॅडमनी दोघांना एकच गोष्ट सांगितली: रजा कोणाला मिळावी हे नंतर बोलू, ती का हवी आहे तेवढं आधी सांगा.

“घरचा गणपती पाच दिवसांचा,” सहायक म्हणाला. “मोठा भाऊ मुंबईला. तो चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडीतून उतरतो. मूर्ती आणायची, माटोळी बांधायची, सगळं माझ्यावरच. आई थकली आता.”

सर जरा वेळाने बोलले. “भाऊ, मला गणपतीत सुट्टी नकोच आहे. मला पोळ्याला घरी जायचं असतं. आमच्याकडे घरी बैल आहेत. पण रजेचा अर्ज दिला की ऑफिसात म्हणतात, पोळ्याला कसली रजा? जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात, एक दिवसाची रजा घेऊन मी करू काय?”

“सर, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.”

“विचारलं कोणी?”

पोळा श्रावणी अमावस्येला, गणेश चतुर्थी त्यानंतर चार दिवसांनी. दोघांना हव्या असलेल्या तारखा एकमेकांवर येतच नव्हत्या. दोघेही ‘गणपतीची रजा’ या एकाच शब्दावर अडून बसले होते. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी वाटाघाटींबद्दल हेच मांडलं आहे: माणूस काय मागतो त्याच्या खाली त्याची गरज असते, आणि बोलणं गरजेवर आणलं की जागा सापडते. सरांची गरज रजेइतकीच आपला सण इथे सण मानला जावा ही होती, आणि ती बैठकीत उच्चारली गेल्यावर निम्मा राग तिथेच उतरला.

जनरेटरचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. रात्री वीज गेली तर कोण येणार, चावी कुठे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती प्रशासनाची चूक. विभागप्रमुखांनी ती त्याच बैठकीत मान्य करावी आणि मेमो मागे घेण्याची टिपणी पाठवावी. वरचा माणूस आपल्या वाट्याचं बोलला की खालच्यांना बोलणं सोपं जातं.

बैठक चालवताना एक करा: प्रत्येकाला आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायला लावा, आणि समोरच्याने ‘हो, असंच’ म्हटल्यावरच स्वतःचं बोलू द्या. फार वेळ जातो. जाऊ द्या. आवाज चढले तर दहा मिनिटं थांबा, त्या वेळात दोघांना एकाच खोलीत ठेवू नका.

सहावी पायरी: लिहून घ्या

तोंडी समझोता पहिल्या परीक्षेपर्यंत टिकतो. एका पानावर, सोप्या मराठीत, तारखांसह लिहा. वरच्या उदाहरणात तो असा होईल: सणांच्या रजांची यादी दरवर्षी १५ जूनपर्यंत तयार होईल, प्रत्येक कर्मचारी आपले दोन महत्त्वाचे सण आधी कळवेल, पोळ्याच्या आठवड्यात टाक्या सहायक पाहील, गणपतीत सर, जनरेटरची चावी पहारेकऱ्याकडे राहील आणि दोन फोन नंबर दारावर लागतील, ड्युटी सोडताना वहीत वेळ घालून सही होईल. ‘दोघांनी सलोख्याने वागावे’ असलं वाक्य घालू नका, ते पाळलं की मोडलं हे कोणालाच ठरवता येत नाही. दोघांच्या आणि मध्यस्थाच्या सह्या घ्या, प्रत्येकाला प्रत द्या. मिटलेल्या वादाचा उल्लेख गोपनीय अहवालात येणार नाही, हेही त्यातच लिहा, कारण मनात भीती त्याचीच असते.

सातवी पायरी: पुन्हा भेटा

पंधरा दिवसांनी आणि मग दोन महिन्यांनी, दहा मिनिटं पुरतात. कागदावरचं काय झालं, काय राहिलं, एवढंच. राहिलेलं असेल तर दोष कोणाचा हे न शोधता तारीख बदला. याच भेटीत त्या चार ताकदींकडेही नजर टाका: माणूस पुन्हा सूचना देऊ लागला आहे का, जेवायला सगळ्यांबरोबर बसतो का, नवी जबाबदारी मागतो का.

नाही मिटलं तर

मुंबई विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू आहे. त्यात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती यांविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेश हातात पडल्यावर वकिलाकडे जायला उशीर करू नका. दापोलीचं कृषी विद्यापीठ राज्याच्या १९८३च्या कृषी विद्यापीठ कायद्याखाली येतं, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा कायदा स्वतंत्र आहे. म्हणजे मित्राच्या कॉलेजातला अर्जाचा नमुना उतरवून काढण्याआधी आपल्याला कोणता कायदा लागू आहे, हे आस्थापना विभागात विचारून घ्या.

अर्ज नेहमी वरिष्ठांमार्फत द्या आणि एक आगाऊ प्रत थेट पाठवा. आवक क्रमांक आणि तारखेची पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बैठकीत जे मान्य झालं होतं त्या पानाची प्रत जोडा. वेळापत्रक, ड्युटी यादी, रजेच्या मंजुरीच्या नोंदी मिळत नसतील तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात.

विभागप्रमुखपद फिरतं असतं. पदभार देताना किल्ल्या आणि डेडस्टॉकच्या (टिकाऊ सामानाच्या) यादीबरोबर अशा समझोत्यांची पानंही बंद पाकिटात नव्या प्रमुखांच्या हाती द्या आणि पदभाराच्या कागदावर पाकिटाची नोंद करा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये सणांची यादी करताना पोळा राहून जाणार नाही.